नावाचे भाडे आणि आपले आडनाव



2024 च्या आषाढात कामशेतजवळच्या एका वस्तीतला तरुण माझ्याकडे करारपत्र घेऊन आला. छत्तीस पाने, सगळी इंग्रजीत, प्रत्येक पानाच्या खाली सहीची जागा. चहाच्या एका साखळीची फ्रँचायझी त्याला घ्यायची होती. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर गाळा बघून झाला होता, आईच्या नावाची पोस्टातली ठेव मोडून झाली होती आणि एका पतसंस्थेचे कर्जही मंजूर झाले होते. "ताई, तुम्ही एम.ए. आहात, एवढं वाचून द्या. उद्या सही करायचीय," तो म्हणाला. आपल्या वस्तीत एम.ए. झालेल्या बाईला लोक वकील, डॉक्टर आणि तलाठी यांच्या मधले काहीतरी समजतात. मी समाजशास्त्र शिकलेली, कायदा नव्हे. पण रात्री दोन वाजेपर्यंत बसून सगळे वाचले.

करारात काय होते ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. सुरुवातीला तीन लाख रुपये, कोणत्याही कारणाने परत न मिळणारे. गाळ्याची सजावट कंपनीच्याच ठेकेदाराकडून. चहा पावडर, मसाला, कागदी कप, अगदी पाटीवरचा दिवासुद्धा कंपनीकडूनच, कंपनीच्या भावाने. मुदत तीन वर्षे. आणि दर महिन्याला एकूण विक्रीच्या 5 टक्के रॉयल्टी. विक्री कितीही पडली तरी किमान 5 हजार द्यायचेच.

"विक्रीच्या" या शब्दावर मी पेन्सिलीने गोल केला. नफ्याच्या नव्हे, विक्रीच्या. हा फरक आपल्या पोरांना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. पावसाळ्यात भुशी डॅमची गर्दी असते, रोजची विक्री 6 हजार धरली तर महिन्याला 1 लाख 80 हजार. त्यातून माल 72 हजार, गाळ्याचे भाडे 18 हजार, दोन पोरांचा पगार 24 हजार, गॅस-वीज 14 हजार, कर्जाचा हप्ता 16 हजार, रॉयल्टी 9 हजार. हाती राहिले 27 हजार. वाईट नाही. आता पावसाळा संपला, विक्री रोजची 4 हजारांवर आली. महिन्याला 1 लाख 20 हजार. माल 48 हजार, भाडे तेच, पगार तोच, हप्ता तोच, गॅस-वीज 12 हजार, रॉयल्टी 6 हजार. बेरीज होते 1 लाख 24 हजार. म्हणजे मालक 4 हजारांनी तोट्यात आहे आणि त्याच महिन्यात नाववाल्या कंपनीला त्याने 6 हजार रुपये दिले आहेत. रॉयल्टीवरचा 18 टक्के जीएसटी मी इथे धरलेलाच नाही.

मग मी त्याला विचारले, "तुला चहा करता येत नाही का?"

तो हसला. "ताई, आमच्या आईसारखा चहा अख्ख्या वस्तीत कुणाला जमत नाही."

"मग हे नाव कशाला विकत घेतोस?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "विकत कुठं, भाड्यानंच. आपलं नाव लावलं तर गावातले येतील का चहा प्यायला?"

त्याच्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी वडापावची गाडी लावली होती. हायवेवर थांबणारे ट्रकवाले आणि परगावचे लोक खायचे. गावचे लोक पुढच्या गाडीवर जायचे. कोणी शिवी दिली नाही, कोणी बहिष्काराची दवंडी पिटली नाही. फक्त येत नव्हते. गाडी दोन वर्षांत बंद पडली. मुलाने त्यातून जो धडा घेतला तो एमबीएच्या कोणत्याही पुस्तकात नाही: गावाला ओळखीचे नसलेले, जात नसलेले एक नाव पाटीवर असले की चहा विकला जातो.

त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

नाव भाड्याने देणे हा आज जगातला एक स्वतंत्र आणि प्रचंड धंदा आहे. फ्रँचायझी हा त्याचाच एक प्रकार. तिथे नावासोबत माल आणि धंद्याची पद्धतही येते. निव्वळ नावाचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना ब्रँड लायसन्सिंग कंपन्या म्हणतात. त्यांच्याकडे कारखाना नसतो. त्या बूट शिवत नाहीत, कापड विणत नाहीत. त्यांच्याकडे असतात ट्रेडमार्कची कागदपत्रे आणि वकील. 2010 मध्ये स्थापन झालेली ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुप ही अमेरिकी कंपनी यातली मोठी. तिने आदिदासकडून रिबॉक हे नाव घेतले, 2022 मध्ये तो व्यवहार पुरा झाला. मग देशोदेशी ते नाव वापरायचे परवाने वाटले. भारतात तो परवाना आदित्य बिर्ला फॅशनकडे गेला. म्हणजे पुण्याच्या मॉलमधून आपण रिबॉकचा बूट घेतो तेव्हा बूट एकाने बनवलेला असतो, दुकान दुसऱ्याचे असते आणि किमतीतला एक हिस्सा केवळ नावाचा मालक म्हणून तिसरा नेतो. बाटाच्या दुकानात हश पपीज मिळतात. ते नावही बाटाचे नाही, परवान्यावर घेतलेले आहे. पिअर कार्डिन या फ्रेंच शिंप्याने तर पेनपासून मोज्यांपर्यंत शेकडो वस्तूंना आपले नाव दिले आणि त्यावर साम्राज्य उभे केले.

पद्धत सगळीकडे साधारण सारखी. कपडे-चपलांच्या धंद्यात घाऊक विक्रीवर बहुधा 5 ते 10 टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी. माल खपो न खपो, ठरलेली किमान रक्कम द्यायचीच. जाहिरातीसाठी वेगळी वर्गणी. मुदत संपली की नाव परत मालकाकडे. जोखीम सगळी माल बनवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची. आपल्या पुणे जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर कल्याणीनगरचे ट्रम्प टॉवर्स बघा. इमारती पंचशील या पुण्याच्या बिल्डरने बांधल्या, नाव ट्रम्प यांच्या कंपनीचे, परवान्यावर घेतलेले. मार्च 2025 मध्ये त्याच नावाने पुण्यात कार्यालयांचा आणखी एक प्रकल्प जाहीर झाला. अर्थात बिल्डर आणि आमचा चहावाला यांच्यात फरक आहे. बिल्डर नाव घेतो कारण त्या नावाने फ्लॅटचा भाव चढतो, आणि अटी ठरवताना त्याच्या बाजूलाही वकिलांची फौज असते. आमच्या पोराच्या बाजूला मी होते, शब्दकोश घेऊन.

या कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत मला एक नाव दिसले आणि मी थबकले. मुहम्मद अली. 1964 मध्ये ज्या माणसाने कॅशियस क्ले हे आपले जुने नाव गुलामीचे नाव म्हणून फेकून दिले, त्याच्या नाव-प्रतिमेच्या व्यापारी हक्कांतला 80 टक्के वाटा 2006 मध्ये 5 कोटी डॉलरला एका कंपनीने घेतला आणि 2013 मध्ये तो ऑथेंटिक ब्रँड्सकडे आला. अलीने स्वतःच्या मर्जीने विकला, त्याचा हक्क होता, मी त्याला दोष देत नाही. पण धर्मांतराने ज्यांची ओळख बदलली त्या आपण लोकांनी ही गोष्ट माहीत ठेवावी. टाकून दिलेल्या नावाला बाजारात किंमत नव्हती. लढून कमावलेल्या नावाला होती.

आता मूळ मुद्द्याकडे. बाजारात नावाला किंमत असते हे मान्य. मग आपल्या आडनावाची किंमत काय आहे?

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अनेकांना माहीत असेल. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. ही झाली नोकरीची गोष्ट. चहा, वडापाव, मिसळ, पाण्याची बाटली यांच्या बाबतीत नाव आणखी खोल जाते, कारण तिथे स्पर्श येतो. म्हणून मी असे म्हणते की आमच्या पोराने दर महिन्याला भरलेल्या 5 टक्क्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, जाहिरात झालेल्या नावाचे भाडे, जे कोणत्याही जातीचा फ्रँचायझीवाला भरतो. दुसरी, आडनाव झाकण्याचे भाडे, जे फक्त आपण भरतो.

यावर आक्षेप येणार. एका कार्यकर्त्या मित्राने लगेच घेतलाही: "पाटलांची, देशमुखांची पोरं पण फ्रँचायझी घेतातच की." घेतात. पण वडगावात, तळेगावात, कामशेतात नीट बघा. त्यांच्यातले किती जण स्वतःच्या आडनावाची पाटी लावून हॉटेल, डेअरी, रसवंती चालवतात, आणि आपल्यातले किती? कांबळे मिसळ, गायकवाड अमृततुल्य, भालेराव स्वीट्स या पाट्या तुम्ही कुठे आणि किती बघितल्या? (गायकवाड तर दोन्हीकडे सापडतात, म्हणून ती पाटी एखादवेळी चालूनही जाईल. आपली पोरे हा विचार करूनच नाव ठरवतात हे मी ऐकलेले आहे.) त्यांच्यासाठी भाड्याचे नाव हा एक पर्याय असतो. आमच्या पोराला तो एकच रस्ता दिसला.

लोणावळ्यात राहणाऱ्याला नावाची ताकद वेगळी सांगायला नको. चिक्की या शब्दावर कोणाची मालकी नाही. गूळ-शेंगदाणे कोणीही उकळावेत, वड्या पाडाव्यात. तरी बाजारात पाट्यांवर तीच ती दोन-तीन नावे पुढे-मागे शब्द लावून झळकतात आणि मुंबईचा पर्यटक गोंधळून विचारतो, खरे दुकान कोणते? या चिक्कीची गोष्टही रेल्वेच्या कामगारांशी जोडून सांगतात. एकोणिसाव्या शतकात बोर घाट फोडताना राबणाऱ्यांना गूळ-दाण्याचा आधार होता, असे म्हणतात. त्या घाटात हजारो मजूर मेले. आज बोगद्याबोगद्यातून गाडी जाते, त्यांतल्या एकाचेही नाव कुठे वाचायला मिळत नाही.

आणि याच मावळात याच्या नेमके उलटे उदाहरण आहे. कार्ल्याच्या लेणीत खांबांवर आणि दारांवर लेख कोरलेले आहेत. त्यांतल्या एका लेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या मुलाचे नाव आहे. त्याने लेणीच्या दाराचे काम केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध संघाला एका सुताराचे नाव बापाच्या नावासकट दारावर कोरू द्यावेसे वाटले. एकवीरेच्या गर्दीतून वाट काढत आपण लेणी बघायला जातो आणि सेल्फी काढून परत येतो. पुढच्या वेळी तो लेख शोधा.

शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्यापुढे हाच प्रश्न होता. शाहू महाराजांच्या पागेतला हा नोकर. हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला सवर्ण नोकरांनी मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा टाकायला सांगितले. त्याने भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले, नाव ठेवले सत्यसुधारक. गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले. आजच्या मार्केटिंगच्या भाषेत याला काय म्हणायचे ते म्हणा, पण राजाने आपल्या नावाचे वजन गंगारामच्या पाटीमागे उभे केले आणि रॉयल्टी घेतली नाही. पाटी गंगारामचीच राहिली. आमच्या पोराला शाहू मिळाला नाही, कंपनी मिळाली.

कोल्हापूरचा विषय निघाला आहे तर चपलेबद्दल बोलू. चळवळीतल्या बहुतेकांनी 2025 च्या जूनमध्ये फेसबुकवर राग व्यक्त करून हा विषय संपवला. प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलच्या पायात घातली आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली, मग कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली; याचिकाकर्ते त्या नावाचे नोंदणीकृत मालक नाहीत हा त्यातला कळीचा मुद्दा होता. डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे बाबू जगजीवन राम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम आणि लिडकर, यांच्याशी करार केला. इथल्या कारागिरांकडून 2,000 जोड बनवून घ्यायचे, किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे 80 हजार रुपयांच्या वर.

कोल्हापुरी हे नाव 2019 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक निर्देशांक म्हणून संरक्षित आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. मालकी या दोन महामंडळांची. आणि जीआय कायदा 1999 च्या कलम 24 मध्ये अशी तरतूद आहे की जीआयचा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि त्याचा परवाना, म्हणजे लायसन्स, देता येत नाही. थांबून विचार करा. रिबॉक हे नाव विकता येते, भाड्याने देता येते, त्यावर जन्मभर रॉयल्टी खाता येते. कातडे कमावणाऱ्या ढोरांनी आणि चप्पल शिवणाऱ्या चर्मकारांनी पिढ्यानपिढ्या घडवलेले कोल्हापुरी हे नाव मात्र कायद्याने भाड्याने देता येत नाही.

या कलमाला मी सरसकट शिव्या देणार नाही. ते नसते तर एखाद्या शेठने कोल्हापुरी हे नाव कधीच विकत घेऊन टाकले असते आणि शिवणाऱ्यालाच भाडे मागितले असते. सामूहिक नाव सावकाराच्या हाती जाऊ नये ही तरतूद योग्यच आहे. पण हेच कुंपण कारागिराच्या उत्पन्नाच्या आड येत असेल तर दुसरी वाट काढली पाहिजे, आणि ती आहे. नाव भाड्याने देता येत नसले तरी करार करता येतो: आमच्या माणसांकडून बनवून घ्याल, आमची परंपरा जाहिरातीत वापराल, तर मजुरीखेरीज प्रत्येक जोडामागे इतके टक्के कारागिरांच्या निधीत. जैवविविधता कायदा 2002 मध्ये याला लाभाची वाटणी म्हणतात. वनस्पती वापरून औषधे बनवणाऱ्या कंपनीला स्थानिक लोकांसाठी हिस्सा द्यावा लागतो. दिव्य फार्मसीने त्याला विरोध केला तेव्हा 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. जंगलातल्या मुळीच्या ज्ञानाला हिस्सा मिळू शकतो, तर बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावण्याच्या ज्ञानाला का नाही? प्राडाच्या 2,000 जोडांची किंमत होते 16 लाख युरो. उदाहरणादाखल त्यावर 5 टक्के धरा, 80 हजार युरो होतात. किरकोळ किमतीवर सहसा रॉयल्टी नसते, हे मला माहीत आहे. मग घाऊक किमतीवर घ्या, आकडा कमी होऊ द्या, पण प्रत्येक जोडामागे किती हा प्रश्न टेबलावर येऊ द्या. लिडकॉम हे सरकारी महामंडळ आहे, माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज त्याला लागू होतो.

इथे आपल्यातलेच काही जण म्हणतात, चप्पल हा चर्मकार समाजाचा प्रश्न आहे, आपला नाही. हे वाक्य विहारात बसून बोलले जाते तेव्हा मला लाज वाटते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, गावकीची कामे सोडा, शिका असे सांगितले. मग आपण जातीच्या धंद्याचे गोडवे का गायचे? कारागिरीचा उत्सव म्हणजे जातीचाच उत्सव नाही का?

मी यावर बराच विचार केला आणि माझे मत असे बनले की रॉयल्टी मागणे हे धंद्याला चिकटून राहण्याच्या उलटे आहे. मजुरी मिळवायला हात कातड्यात घालावा लागतो. रॉयल्टी हात न घालता मिळते. न्यूयॉर्कमधल्या कंपनीचे भागधारक बूट शिवत नाहीत, तरी त्यांना वाटा मिळतो, कारण नाव त्यांचे आहे. मग ज्या बाईच्या आजोबांनी कोल्हापुरी हे नाव घडवले, तिच्या मुलीने इंजिनीअर व्हावे, तिने कधी रापीला हात लावू नये, आणि तरीही तिच्या कॉलेजच्या फीमध्ये त्या नावाचा वाटा असावा. जात म्हणते, धंदा तुझा आणि मान आमचा. आपण म्हणायचे, धंदा करायचा की नाही ते आम्ही ठरवू, पण घडवलेल्या नावाचा वाटा आमचा.

आपले नाव उघड लावून बाजारात उतरलेले लोकही आहेत. चंद्रभान प्रसाद यांनी 2016 मध्ये 'दलित फूड्स' या नावाने मसाले, लोणची विकायला काढली. नेमकी खाण्याची वस्तू, आणि नेमके ते नाव. सुधीर राजभर यांनी धारावीच्या कारागिरांना घेऊन 'चमार स्टुडिओ' उभा केला. 2015 च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर चामड्याचे काम अडचणीत आले तेव्हा रबराच्या बॅगा बनवल्या. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी महागड्या बॅगेवर छापला. दलित भांडवलशाहीवर माझे अनेक आक्षेप आहेत, पुण्यातून 2005 मध्ये सुरू झालेल्या डिक्कीबद्दलही आहेत, ते वेगळ्या लेखात. शहरातल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला जे नाव धाडसी वाटते ते कामशेतच्या गिऱ्हाइकाला चालेल असेही नाही. पण नाव कोणाचे हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि रॉयल्टी दुसऱ्याला दिली नाही.

आमच्या पोराने दुसऱ्या दिवशी सही केली. मी नको म्हणाले नाही. वडिलांच्या गाडीचा इतिहास ज्याच्या डोक्यात आहे त्याला स्वाभिमानाचे व्याख्यान देऊन पतसंस्थेचा हप्ता फिटत नाही. फक्त तीन गोष्टी त्याच्याकडून करून घेतल्या. किमान रॉयल्टीची अट पहिल्या वर्षासाठी काढून मागितली. कंपनीने सहा महिन्यांपुरती मान्य केली. कराराची सही-शिक्क्याची प्रत घरात ठेवली. आणि रॉयल्टीची वेगळी वही घातली. ऑगस्ट 2024 मध्ये दुकान सुरू झाले. वीस महिने झाले. वहीतला आकडा 1 लाख 38 हजारांवर गेला आहे, सुरुवातीचे तीन लाख सोडून. गावातले लोक चहाला येतात. पाटीवरच्या नावाचा मालक कोण ते त्यांना ठाऊक नाही आणि आत उकळणाऱ्या चहाचा मालक कोण ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी येतात. यातून काय समजायचे यावर आमच्यात वाद आहे. तो म्हणतो नावाने ओढून आणले, आता सवय लागली. त्याची आई म्हणते चहा चांगला आहे.

कराराचे सोळा महिने उरले आहेत. करारात एक कलम आहे की मुदत संपल्यावर दोन वर्षे त्या भागात चहाचा धंदा करायचा नाही. हे कलम बघून पोरे घाबरतात. करार चालू असताना अशी बंधने न्यायालये मान्य करतात; कोका-कोलाच्या फ्रँचायझीच्या गुजरात बॉटलिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ते स्पष्ट केले. पण करार संपल्यानंतरची धंदाबंदी भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत कंपनीला सही घेण्याआधी ठरावीक माहिती लेखी द्यावीच लागते, इथे तसे बंधन नाही. म्हणून सही करण्याआधी त्याच कंपनीच्या किमान तीन जुन्या दुकानदारांना भेटा, त्यांतला एक तरी दुकान बंद केलेला असावा. रॉयल्टी विक्रीवर की नफ्यावर ते बघा. माल बाहेरून घेता येतो का ते बघा. भांडण झाले तर खटला कोणत्या शहरात चालणार हे कलम शेवटच्या पानांत असते, तेही बघा. मावळातल्या माणसाला दिल्लीची तारीख परवडत नाही.

14 एप्रिलनंतरच्या रविवारी विहारात आम्ही सात जण करारपत्रे घेऊन बसलो. चहा, मोबाईल रिपेअरिंग, कपडे, एक पार्लर. सातही जण आपल्या समाजातले, आणि सातही पाट्यांवर दुसऱ्याचे नाव. पोराच्या आईने मुदत संपल्यावर कोणती पाटी लावायची ते विचारले. एकाने गौतम सुचवले, एकाने माऊली. एका म्हाताऱ्या काकांनी स्वच्छ शब्दांत त्या बाईचे स्वतःचे नाव आणि आडनाव घेतले. मुलगा मान खाली घालून वहीत आकडे मांडत बसला होता. पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला आहे. ज्यांच्याकडे असे करारपत्र आहे त्यांनी मूळ प्रत घरी ठेवून झेरॉक्स आणावी.